सोलापूरचे ते तीन दिवस

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं "चार पुतळा" म्हणा, तो बरोबर पार्क चौकात आणून सोडतो. पण तिथं ज्यांचे पुतळे आहेत ते चौघं हुतात्मे कोण, असं विचारलं की बरेच जण एखाददुसऱ्या नावावर अडकतात. खरं सांगायचं तर मीसुद्धा अडकायचो.

तर गोष्ट मे 1930 ची. मिठाचा सत्याग्रह जोरात चालू होता. 5 मे ला गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि सोलापूर पेटलं. हे गिरणगाव होतं हे इथं लक्षात घ्यायला हवं, भोंग्यावर चालणारं शहर, हजारो कामगार एकाच वेळी गिरणीच्या गेटबाहेर पडणारे, त्यामुळे हरताळ म्हटलं की अख्खं गाव रस्त्यावर यायचं.

8 मे ला रूपाभवानीच्या बाजूला लोक शिंदीची झाडं तोडायला निघाले. दारूबंदी हा चळवळीचाच भाग होता ना, आणि ताडी-शिंदीवर सरकारला महसूल मिळायचा, म्हणजे झाडावर घातलेली कुऱ्हाड थेट तिजोरीवर पडायची. कलेक्टर नाइट पोलीस घेऊन आला, धरपकड झाली, जमाव खवळला. हातात झेंडा घेतलेला शंकर शिवदारे पुढे आला आणि त्याला गोळी घातली. लोक कलेक्टरच्या अंगावर जाणार होते, तेव्हा मल्लप्पा धनशेट्टींनी मध्ये पडून त्यांना आवरलं असं सांगतात. हे नाव लक्षात ठेवा.

मग मात्र कुणाला आवरणं शक्य नव्हतं. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, कोर्टालाही आग लागली. साहेब लोकांनी शहर सोडलं आणि 9, 10, 11 मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य जवळजवळ नव्हतंच! काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहून बंदोबस्त बघत होते. 1947 च्या सतरा वर्षं आधी.

12 मे ला मार्शल लॉ लागला आणि लष्कराने शहर ताब्यात घेतलं. जून संपेपर्यंत तो चालला. तिरंगा लावला तर शिक्षा, गांधी टोपी घातली तरी डोळ्यावर यायची. तुळशीदास जाधवांना टोपी काढायला सांगितली तर ते छाती पुढे करून उभे राहिले, गोळी घाला म्हणाले, असा किस्सा जुने लोक अजून सांगतात. हेच जाधव पुढे खासदार झाले.

आणि मग तो खटला. पोलिसांच्या खुनाचा आरोप चौघांवर ठेवला. मल्लप्पा धनशेट्टी, हो तेच, गर्दीला आवरणारे. जगन्नाथ शिंदे, तरुण कार्यकर्ता. श्रीकिसन सारडा, व्यापारी घरातले. आणि कुर्बान हुसेन, 'गझनफर' पत्राचा संपादक, वय जेमतेम वीस-एकवीस. एक लिंगायत, एक मराठा, एक मारवाडी, एक मुसलमान. सोलापूरच्या कुठल्याही पेठेत फिरलात तर हीच माणसं एकमेकांच्या शेजारी दिसतील, त्यामुळे इथल्या लोकांना यात फार नवल वाटत नाही.

12 जानेवारी 1931, येरवडा जेल. चौघांनाही एकाच दिवशी फाशी दिली.