अमेरिका मैल सोडेल का?

अमेरिकेनं मेट्रिक पद्धत कधी स्वीकारलीच नाही, असं आपण सर्रास म्हणतो. कागदावर पाहिलं तर चित्र निराळं दिसतं. मेट्रिक मापांनी व्यवहार करायला तिथं १८६६ पासून कायद्यानं मोकळीक आहे. १८७५ साली पॅरिसमध्ये मीटरचा करार झाला, त्यावर सह्या करणाऱ्या पहिल्या १७ देशांत अमेरिका होती. १८९३ पासून तर तिथला यार्ड आणि पौंड मीटर-किलोग्रॅमवरूनच ठरवले जातात. आज एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. इंचाला स्वतःचा वेगळा आधार उरलेलाच नाही.

मग गाडी अडली कुठं? माझ्या मते १९७५ मध्ये. त्या वर्षी २३ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी मेट्रिक रूपांतराच्या कायद्यावर सही केली. मंडळही नेमलं. पण बदल ऐच्छिक ठेवला आणि मुदत घातलीच नाही. १९७१ च्या सरकारी अहवालात दहा वर्षांची शिफारस असूनही! ऑस्ट्रेलियानं १९७४ च्या जुलैमध्ये रस्त्यांवरच्या वेगमर्यादेच्या पाट्या बदलून टाकल्या. अमेरिकेत मात्र दुकानदार गिऱ्हाइकाकडे बघत राहिला, कारखानदार पुरवठादाराकडे. १९८२ मध्ये रेगन यांच्या काळात ते मंडळच बंद झालं. मापं एकट्यानं बदलली तर त्रास त्या एकट्यालाच होतो. सगळ्यांनी मिळून बदलली तरच सोय होते. अशी गोष्ट ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडली, तिथंच ती संपली.

अमेरिकन माणूस हट्टी आहे, एवढं म्हणून विषय मिटवणं मला पटत नाही. जुनी मापं तिथं नुसती डोक्यात नाहीत, जमिनीत आहेत. १७८५ च्या भूमापन कायद्यानं पश्चिमेकडची जमीन सहा-सहा मैलांच्या चौकोनांत आखायला घेतली. त्यात एक चौरस मैलाचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा. मध्य-पश्चिम भागात शेताचे बांध आणि रस्ते आजही त्याच रेषांवर आहेत. घरांचंही तसंच. भिंतीच्या लाकडी सांगाड्यातले उभे दांडे सहसा सोळा-सोळा इंचांवर असतात आणि त्यांवर ठोकायचे प्लायवूडचे तक्ते चार बाय आठ फुटांचे. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, म्हणजे चार फूट. म्हणून तक्त्याची कड बरोबर दांड्यावर बसते. पन्नास वर्षांपूर्वीच्या घराची डागडुजी करायची तर सामान त्याच मापाचं लागणार. शाळेत मुलांना सेंटिमीटर शिकवून ही अडचण सुटत नाही.

आणि लोकांचा विरोध किलोमीटरला असतो, असंही नाही. ॲरिझोनात टुसॉनपासून नोगालेसपर्यंत जाणारा १९ क्रमांकाचा महामार्ग आहे. त्यावरची अंतरं किलोमीटरमध्ये लिहिलेली आहेत. त्या पाट्या मैलांत आणायचा विचार निघाला, तेव्हा रस्त्यालगतच्या व्यावसायिकांनीच हरकत घेतली, कारण बाहेर पडण्याच्या वाटांचे किलोमीटरवरून ठरलेले क्रमांक बदलले असते आणि आपला पत्ता ते त्याच क्रमांकांनी सांगत. जे हाताशी रुळलेलं आहे, ते माणसाला हवं असतं.

म्हणून माझा अंदाज स्पष्ट आहे: माझ्या हयातीत तरी अमेरिकेतल्या रस्त्यांवरचे मैल जाणार नाहीत. वाइनची ७५० मिलिलिटरची बाटली, शीतपेयाची दोन लिटरची बाटली कोणाला खुपली नाही. मेट्रिक तिथं अशा मार्गानंच शिरत राहील आणि त्याबद्दल मला फार खंत वाटत नाही.

खंत वाटते ती औषधाची. मापांच्या गोंधळात १९९९ मध्ये मंगळाकडे गेलेलं यान गमावलं, ते उदाहरण सगळे देतात. मला त्याहून घरातला चमचा महत्त्वाचा वाटतो. अमेरिकन मापात लहान चमचा सुमारे ५ मिलिलिटरचा, मोठा १५ चा. रात्री तापलेल्या पोराला घाईत चुकीच्या चमच्यानं औषध पाजलं की मात्रा तिप्पट होते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की मुलांचं पातळ औषध फक्त मिलिलिटरमध्ये लिहावं. ही नुसती शिफारस राहू नये. लाकडाच्या तक्त्यांसाठी हवा तेवढा वेळ घ्या, पण मुलांच्या औषधांच्या बाटल्यांसाठी तारीख ठरवा, कायदा करा आणि खुणा असलेली सिरिंज प्रत्येक बाटलीसोबत द्यायला लावा.