गहाळ

(दृश्य : आठवडी बाजार. मिरचीचे ढीग, शेळ्यांची दावी, गर्दीतून फिरणारा कॅमेरा.)

निवेदन :

दुपारी बारानंतर या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. मिरचीच्या ढिगापाशी घासाघीस चाललेली असते आणि त्याच रेटारेटीत कुणाच्या तरी वरच्या खिशातला मोबाइल दोन बोटांत उचलला जातो. काही वर्षांपूर्वी माझाही असाच गेला. मी ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारानं बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलेला कागद पुढं सरकवला. त्यावर होतं : मोबाइल गहाळ.

म्हणालो, "मामा, गहाळ नाही हो, चोरी झालीये."

"सिम काढायला हा कागद चालतो की. करा सही."

मी सही केली. ही फिल्म त्या एका शब्दाबद्दल आहे.

(दृश्य : ठाण्याची पाटी. खाली पोलिसांचं बोधचिन्ह आणि ब्रीद : सद्रक्षणाय खलनिग्रहणाय.)

'चोरी' लिहिलं की गुन्हा रजिस्टरला नंबर पडतो. तपासी अंमलदार नेमावा लागतो. चोर सापडला नाही तर तपास प्रलंबित दिसतो आणि क्राइम मीटिंगला ठाण्याच्या पीआय साहेबांना जिल्ह्याच्या एसपींसमोर उत्तर द्यावं लागतं. 'गहाळ' लिहिलं की यातलं काहीच होत नाही. हद्द कागदावर शांत राहते. माझ्याकडून कुणी पैसे मागितले नव्हते, कुणी आवाजही चढवला नव्हता. खोटं लिहिलं गेलं, पण अगदी सभ्यपणे. वर त्या खोट्यावर सही माझीच.

शब्द बदलून गोष्ट झाकायची रीत मराठवाड्याला नवी नाही म्हणा. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय लष्कर रणगाडे घेऊन हैदराबाद संस्थानात शिरलं, १७ तारखेला निजाम शरण आला, आणि सरकारदरबारी या लष्करी मोहिमेचं नाव पडलं पोलीस ॲक्शन. आमच्याकडची म्हातारी माणसं आजही वयाचा हिशेब त्यावरूनच सांगतात.

(दृश्य : ठाण्याचा व्हरांडा. बाकावर वाट बघत बसलेली माणसं.)

कायदा या बाबतीत मोघम नाही. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१३ साली सांगितलं : दखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवायलाच हवा. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम १७३नुसार एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत द्यायची. ठाण्यानं नोंद नाकारली तर एसपींकडे लेखी कळवता येतं, तिथंही दाद लागली नाही तर न्यायालयात जाता येतं. तरी या बाकावर बसलेल्यांना ऐकू येतं ते असं : साहेब राउंडला गेलेत. अर्ज ठेवून जा, चौकशी करू. हे आमच्या हद्दीत येत नाही.

नव्या कायद्यानं एक नवी फटही ठेवली आहे. पाच हजारांच्या आतल्या मालाची चोरी आता अदखलपात्र. मग जुन्या, काचेला तडा गेलेल्या मोबाइलची किंमत ठरवायची कुणी? पूर्वी शब्द बदलावा लागायचा. आता आकडा बदलला तरी काम भागतं.

(दृश्य : ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार, भांडी, लेकरं. टोळी निघालेली.)

हद्दीचा प्रश्न बीडच्या ऊसतोड कामगाराला विचारा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. फडावर मारहाण झाली, एखाद्या बाईवर हात टाकला गेला, तर तक्रार करायची कुठं? तिथलं ठाणं अनोळखी, शिवाय टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या ओळखीचं असण्याची धास्ती. गावी परत आल्यावर गावच्या ठाण्यात गेलं तर उत्तर मिळतं : गुन्हा जिथं घडला तिथं जा. खरं म्हणजे हीच माणसं डोळ्यांसमोर ठेवून लिहावी अशी तरतूद आज कायद्यात आहे : शून्य क्रमांकाचा एफआयआर. गुन्हा कुठंही घडो, समोरच्या ठाण्यानं तो नोंदवायचा आणि ज्याच्या हद्दीत घडला त्या ठाण्याकडे पाठवायचा.

आता हीच गोष्ट उलटी बघा. मजुरानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतले आणि तो कामावर गेला नाही. मुकादम ठाण्यात येतो. उसनवारीचा वाद बहुतेक वेळा दिवाणी, त्यात पोलिसांचं काम नाही. पण मजुराला बोलावणं जातं. घरचे विचारायला आले की उत्तर मिळतं, "अटक नाही केली, नुसतं बसवून ठेवलंय."

बसवून ठेवलंय! 'गहाळ'चा हा सख्खा भाऊ. कुठल्याही संहितेत हा शब्द सापडायचा नाही. अटक म्हटलं की चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, हे राज्यघटनेच्या कलम २२मध्येच आहे. अटकेचा पंचनामा करावा लागतो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यात १९९६ साली ही यादी ठरली. बसवून ठेवलेल्या माणसाला यातलं काहीच लागू होत नाही, कारण कागदावर तो ठाण्यात आलेलाच नसतो.

ठाण्यात मारहाण कशासाठी होते? पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्यात तसं होतं, नव्या कायद्यातही ते कायम आहे. पण आरोपीनं सांगितल्यावरून मुद्देमाल सापडला तर तेवढा भाग चालतो. पट्टा बाहेर निघतो तो याच दारातून. आणि घरफोडी झाली की पहिली जीप कुठं जाते? पारध्यांच्या पालावर. जन्मानं गुन्हेगार ठरवणारा ब्रिटिशांचा कायदा १८७१चा, तो रद्द झाला १९५२ साली. जीपला मात्र वाट पाठ आहे.

(दृश्य : परभणी. रेल्वे स्टेशनसमोरचा बाबासाहेबांचा पुतळा. इथं निवेदन थोडं थांबेल.)

१० डिसेंबर २०२४. या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ, धरपकड. पकडलेल्यांत कायद्याचा एक विद्यार्थी होता. १५ तारखेला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदन अहवालात कारण आलं : अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. त्याच्या आईनं औरंगाबाद खंडपीठाचं दार ठोठावलं. ४ जुलै २०२५ला खंडपीठानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयानंही तो कायम ठेवला. दोषी कोण ते पुढं न्यायालय ठरवेल. पण गुन्हा नुसता लिहून घ्यायला सात महिने आणि एका आईची याचिका लागली.

लॉकअपपासून व्हरांड्यापर्यंत कॅमेरे लावा, चित्रण अठरा महिने जपा, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०२०चा आहे.

(दृश्य : बंदोबस्त. तुळजापूर, नवरात्र. रस्त्याकडेला उभ्याउभ्या डबा खाणारे शिपाई.)

हवालदाराची बाजू सांगितल्याशिवाय ही फिल्म पुरी होणार नाही. गणपती, नवरात्र, पैठणची नाथषष्ठी, मोर्चे, सभा, मंत्र्यांचे दौरे. बंदोबस्त करून उतरलेला माणूसच रात्री तपासाचे कागद उघडतो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळ्या हातांत द्या, हे प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाकडून २००६ सालीच सांगून झालंय. आता झडती-जप्तीचं चित्रण करायचं. ठीकच आहे, त्यानं खोट्या पंचनाम्याला आळा बसेल, ठरलेल्या पंचांना रोज नव्या सह्या करता येणार नाहीत. पण वस्तीवर मोबाइलला रेंज नसते, आणि तो मोबाइल बऱ्याचदा त्याच्याच पगारातला.

(दृश्य : बीड. टेबलावरच्या पाट्या. फक्त नावं.)

बीडमध्ये २०२५ साली एक साधी गोष्ट झाली. मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर जिल्ह्यात जातीचा ताण टोकाला गेला होता. पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली. आमच्याकडं "पाव्हणं, आडनाव काय?" याचा खरा अर्थ सगळ्यांना कळतो. फिर्यादी पाटी वाचूनच ठरवतो, आपलं ऐकलं जाईल की नाही. पाटी बदलून मन बदलतं का, याबद्दल मी साशंक आहे. शिवाय एका ठाण्यात तीन-तीन गणेश असले तर तक्रार कुणाची करायची? तिथं बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, तरी ठळक दिसायला हवा. पण समोर बसणाऱ्याला पाटीचा वचक वाटतो हे एका एसपीनं ओळखलं, हे मला मोठं वाटतं.

(दृश्य : रात्र. एका तालुक्याचं ठाणं. कॅमेरा व्हरांड्यातच, आत न्यायची परवानगी नाही. दारातून दिसतं तेवढंच.)

वर्षभरापूर्वी भरती झालेला शिपाई संगणकासमोर बसलाय. पुढ्यात एक म्हातारी, डोक्यावरचा पदर घट्ट धरून.

तो टाइप करतो : शेळ्या, दोन. आणि थांबतो.

"किंमत किती धरू, मावशी?"

"एक गाभण हुती, लेकरा."

तो तिच्याकडं बघतो. "हरवल्या म्हणता ना?"

"हरवतील कशा? दावं कापलेलं हाय."

शिपाई कीबोर्डवरचा हात काढतो.

"दावं आणलंय का सोबत?"

म्हातारी पिशवीत हात घालते.