यॉटपर्यंत नेणारी होडी

मे महिन्यातील सकाळ आहे. नागपुरात धरमपेठेतील एका घराच्या गच्चीवर पायपंपाने एक करडी डिंगी, म्हणजे हवा भरून वापरायची लहान होडी, फुगवली जात आहे. या कुटुंबाची शिडाची यॉट मुंबईच्या बंदरात असते, म्हणजे रेल्वेने ८०० किलोमीटरांहून अधिक दूर. तेथे भरती-ओहोटीतील फरक उधाणाच्या दिवसांत चार मीटरांच्या वर जातो, त्यामुळे यॉट किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात बोयाला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधून ठेवतात. तिथवर माणसे आणि सामान नेणाऱ्या लहान होडीला टेंडर म्हणतात.

यॉट घेताना शिडे, इंजिन, केबिन या सर्वांची महिनोन्‌महिने चर्चा होते आणि टेंडर मात्र शेवटी, उरलेल्या पैशांत घेतले जाते. हा क्रम चुकीचा आहे, कारण डोलणाऱ्या होडीत उभे राहून, एका हातात पिशवी धरून यॉटच्या कठड्याला हात घालण्याचा क्षण साऱ्या प्रवासात सर्वांत बेभरवशाचा असतो. म्हणून टेंडर निवडताना वेगाच्या आधी स्थैर्य पाहावे. पूर्व विदर्भातील तलावांवर मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या अरुंद डोंग्यात बसलेल्यांना हे सांगावे लागत नाही: पाय मध्यावर ठेवायचा, काठावर नाही.

फुगवलेली डिंगी या कसोटीला चांगली उतरते. दोन्ही बाजूंच्या जाड नळ्यांमुळे एका काठावर भार आला तरी ती सहसा उलटत नाही, आणि यॉटच्या रंगाला ओरखडाही पडत नाही. मात्र हवेचे कप्पे एकमेकांपासून स्वतंत्र असले पाहिजेत, म्हणजे एक फाटला तरी उरलेले तरंगत ठेवतील. तिचा दोष वल्हवताना कळतो: हलकी आणि उंच असल्याने समोरून वारा आला की ती मागे रेटली जाते. प्लायवूडची किंवा फायबरची आठ फुटी होडी वल्ह्यांना उत्तम साथ देते, पण ती जड असते, आणि बैठकांखाली बंद हवाकप्पे नसतील तर पाणी भरल्यावर तिचा भरवसा धरता येत नाही. विक्रेता ‘चार जण बसतात’ म्हणतो ते शांत पाण्यातले. या घराने दोन माणसे आणि सामान एवढीच मर्यादा ठरवली आहे. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवे, बैठकीखाली कोंबलेले नव्हे.

कापडाचाही विचार करावा लागतो. पीव्हीसी स्वस्त असते, पण कडक उन्हात वर्षानुवर्षे राहिल्यास ते कडक होऊन सांधे सुटू लागतात. हायपालॉन, म्हणजे कृत्रिम रबराचे कापड, महाग असले तरी ऊन अधिक सोसते. नागपूरकरांना ऊन नवे नाही, तरी गच्चीवर एक गोष्ट शिकायला मिळाली. सकाळी २७ अंशांना पाव बार दाबाने भरलेल्या नळ्या दुपारी ४७ अंशांपर्यंत तापल्या, की मापकावर दिसणारा, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा, दाब सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. बाराच्या सुमारास नळी बोटाने टिचकी मारताच ढोलकीसारखी वाजली, तेव्हा घरातील काकूंनी झडप दाबून हवा सोडली. बंदरातील त्यामानाने थंड पाण्यात नेमके उलटे घडते, आणि उन्हात टणक झालेली नळी मऊ पडते. म्हणून आता पायपंप डिंगीच्या आतच दोरीने बांधून ठेवला जातो.