सावळघाटापलीकडे

(दृश्य : पेठ रोड, सकाळी सात)

एका गाडीत चार प्राध्यापक. नाशिक ते पेठ, रोजचं अपडाउन. रामशेज किल्ला मागे पडेपर्यंत चौघांचेही फोन चालू असतात. सावळघाट लागला की रेंजचं येणं-जाणं सुरू होतं, आणि मग खऱ्या गप्पा.

भूगोलाच्या मॅडमना पीएचडीचे दिवस आठवतात. पहाटेची एसटी, पाच तासांवर पुणे, विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, झेरॉक्सची रांग, रात्री परत. हवा तो अंक बांधणीला गेलेला असला, की खेप फुकट.

आता पुणं घरात आलंय. देशभरच्या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना आहे. कॉलेजनं वर्षाची वर्गणी भरली, की प्रत्येक प्राध्यापकाला स्वतःचं लॉगिन आणि ६,०००हून जास्त नियतकालिकं. पोरं झोपली की मॅडम रात्री अकराला वाचायला बसतात.

मराठीचे सर मात्र गाडीच्या मागच्या सीटवरून कुरकुरतात. त्यांच्या उपयोगाचं त्यात फारसं नाही. शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, मराठी प्रबंध आहेत, पण कितीतरी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले, नाहीतर नुसते स्कॅन. नेमका शब्द टाकून शोधायला जावं, तर हाती काही लागत नाही. पानं चाळत बसायचं, पूर्वीसारखंच! तक्रार रास्त आहे.

२०२५पासून केंद्र सरकारचं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झालं, देशभरासाठी एकच वर्गणी : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. पण सुरुवात सरकारी संस्थांपासून. नाशिक जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं खासगी शिक्षणसंस्थांनी चालवलेली, म्हणजे या सुरुवातीच्या बाहेर.

(दृश्य : वर्ग, प्रोजेक्टर)

आज दमणगंगेचं खोरं शिकवायचंय. पोरं त्याच खोऱ्यातली. इस्रोच्या ‘भुवन’ या उपग्रह-नकाशांच्या संकेतस्थळावर त्यांचं गाव, त्यांचा ओहोळ वरून दाखवता येतो. पडद्यावर मात्र चक्र फिरतंय. अर्धा नकाशा उमटतो, अर्धा पांढराच. तास अट्ठेचाळीस मिनिटांचा.

मॅडमनी उपाय काढलाय. रात्री नाशिकच्या वायफायवर एकेक चित्र उतरवून घ्यायचं आणि पेनड्राइव्हमध्ये भरायचं. अडचण एवढीच, की ऐन तासाला एखादी मुलगी विचारते, “मॅडम, आमचा पाडा दाखवा ना,” आणि तो पाडा नेमका चित्राच्या कडेबाहेर असतो.

मॅडम वहीत पाड्याचं नाव लिहून घेतात. उद्या आणते म्हणतात.