राजाच्या पहाऱ्याची पाळी

मंडळी, लंडनला जाऊन आलेले बरेच जण बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या पहारा बदलाबद्दल एकच तक्रार करतात. तासभर उभे राहिलो, पुढच्याच्या मोबाइलपलीकडे काही दिसलं नाही, मध्ये बँड वाजला आणि म्हणे संपलं! तक्रार खोटी नाही. पण काय बघायचं हे माहीत नसेल तर अगदी कुंपणाला नाक लावून उभं राहिलात तरी फार काही दिसणार नाही. म्हणून आज टोप्या आणि डगल्यांपासून सुरुवात करत नाही. आधी कामाची वाटणी सांगतो.

कारखान्यात पहिली पाळी सुटते, दुसरी येते. कोणतं मशीन कुरकुरतंय, काय अर्धवट राहिलंय, किल्ली कोणाकडे आहे, हे सांगून-ऐकून झाल्याशिवाय पहिल्या पाळीचा माणूस गेटबाहेर पडत नाही. बकिंगहॅमच्या अंगणात चालतं ते नेमकं हेच, फक्त वाजतगाजत. एकदा हे ध्यानात आलं की तिथल्या विचित्र वाटणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कारण सापडू लागतं.

आता त्या दिवशी कोण कुठून येतं ते बघू. जुना पहारा, म्हणजे ज्यांची पाळी संपत आली आहे ते जवान, दोन ठिकाणी विभागलेले असतात: एक तुकडी बकिंगहॅमला आणि दुसरी जवळच्या सेंट जेम्स राजवाड्यात. नवा पहारा येतो वेलिंग्टन बराकीतून. ही बराक बर्डकेज वॉक नावाच्या रस्त्यावर, राजवाड्यापासून पाच मिनिटांवर आहे. सेंट जेम्सची तुकडी निशाण घेऊन पावणेअकराच्या आसपास निघते आणि बकिंगहॅमच्या अंगणात आपल्या साथीदारांना मिळते. मग अकराच्या सुमाराला नवा पहारा बँडसह आत शिरतो. हे सगळं बहुधा सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी होतं.

निशाण बकिंगहॅमहून न येता सेंट जेम्सहून का येतं? कारण पहाऱ्याचं मुख्य ठाणं आजही सेंट जेम्स आहे. इंग्लंडच्या राजाचा मूळ मोठा वाडा होता व्हाइटहॉल. तो 1698 साली जळाला आणि दरबार सेंट जेम्सला गेला. राणी व्हिक्टोरिया 1837 मध्ये बकिंगहॅमला राहायला गेली, तेव्हा पहाऱ्याची एक तुकडी तिच्याबरोबर गेली, पण कारभार मागेच राहिला. परदेशी राजदूतांची नेमणूक अजूनही ‘कोर्ट ऑफ सेंट जेम्स’कडेच होते. मालकाने घर बदललं, हजेरीचं रजिस्टर मात्र जुन्याच पत्त्यावर राहिलं. इंग्रजांचा हा स्वभाव तुम्हाला पुढेही भेटेल.

अंगणात दोन्ही पहारे समोरासमोर उभे राहिले की दोन्हीकडचे कॅप्टन पुढे येतात आणि एकमेकांच्या डाव्या हाताला हात लावतात. क्षणभराचं काम. ही राजवाड्याच्या किल्ल्या सोपवल्याची खूण. माझ्या मते सगळ्या सोहळ्यातला सर्वात महत्त्वाचा क्षण हाच, आणि बहुतेक प्रेक्षकांचा तोच निसटतो, कारण तेव्हा ते बँडचा व्हिडिओ काढत असतात. यानंतर बँड अंगणात उभा राहून वाजवत बसतो आणि लोकांना वाटतं की आता करमणुकीचा कार्यक्रम सुरू झाला. खरं तर याच वेळात जुने पहारेकरी आपापल्या जागेवरून उतरवले जातात, नवे चढवले जातात, आणि आतल्या खोलीत कामाची देवघेव होते. बँड त्या रिकाम्या वेळासाठी आहे. या वेळात काय वाजवायचं याची मोकळीक असते. 13 सप्टेंबर 2001 ला, न्यूयॉर्कमधल्या हल्ल्यानंतर दोन दिवसांनी, राणीच्या आज्ञेवरून इथे अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजलं. विमानं बंद झाल्याने लंडनमध्ये अडकून पडलेले कितीतरी अमेरिकन प्रवासी कुंपणाबाहेर उभे होते.

एका जवानाच्या बाजूने पाहिलं तर हिशोब सोपा आहे: दोन तास चौकीसमोर, चार तास पहाऱ्याच्या खोलीत, पुन्हा दोन तास. अशी चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांची पाळी. त्या चार तासांत झोप, जेवण आणि बुटांना पॉलिश. परंपरेप्रमाणे राजा मुक्कामाला असला की बकिंगहॅमच्या दर्शनी बाजूला चार पहारेकरी, नसला की दोन. तेव्हा पहारेकरी मोजलेत तर राजा घरी आहे का हे कळायला वरचं निशाण बघायलाच नको.

चौकीतला जवान हलत नाही, हा समज अर्धाच खरा. ठरावीक वेळाने तो सावधान होतो, बंदूक खांद्यावर घेतो आणि आपल्या हद्दीत येरझारा घालतो. शेजारच्या चौकीतला त्याच्याबरोबर पाऊल उचलतो, तेही एकमेकांकडे न बघता. खुणा ठरलेल्या असतात आणि बंदुकीचा दस्ता जमिनीवर आपटल्याचा आवाज नीट कान दिलात तर तुम्हालाही ऐकू येईल. कुणी फारच अंगचटीला आलं तर तो जमीन हादरेल असा पाय आपटतो आणि ओरडतो. त्या ओरडण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. बकिंगहॅमचे पहारेकरी पूर्वी कुंपणाच्या बाहेर, लोकांमध्येच उभे असत. त्यांना चिडवण्याचे प्रकार इतके वाढले की 1959 मध्ये त्यांना आत घ्यावं लागलं.

आता डगल्यांकडे येतो. राजाच्या पायदळ पहाऱ्याच्या पाच पलटणी आहेत: ग्रेनेडियर, कोल्डस्ट्रीम, स्कॉट्स, आयरिश आणि वेल्श. सगळ्यांचे डगले लाल, सगळ्यांच्या टोप्या अस्वलाच्या कातड्याच्या. मग ओळखायचं कसं? बटणं मोजा. एकेक बटण समान अंतरावर असेल तर ग्रेनेडियर. दोन-दोनच्या जोड्या असतील तर कोल्डस्ट्रीम, तीन-तीन स्कॉट्स, चार-चार आयरिश, पाच-पाच वेल्श. हिवाळ्यात राखाडी ओव्हरकोट आले तरी बटणांचा हिशोब तोच. टोपीचा तुराही सांगतो: ग्रेनेडियरचा पांढरा, डावीकडे, कोल्डस्ट्रीमचा लाल, उजवीकडे, आयरिशचा निळा, उजवीकडे, वेल्शचा पांढरा-हिरवा-पांढरा, डावीकडे, स्कॉट्सना तुराच नाही.

यात कोल्डस्ट्रीमवाल्यांचा एक किस्सा आहे. त्यांची पलटण 1650 ची, ग्रेनेडियरांची 1656 ची. पण कोल्डस्ट्रीम उभी राहिली ती राजाच्या विरोधात असलेल्या पार्लमेंटच्या सैन्यात, म्हणून परागंदा झालेला राजा गादीवर परत आल्यावर तिला दुसरा क्रमांक मिळाला. त्यांनी ब्रीदवाक्य काय घेतलं? ‘कुणाहूनही दुय्यम नाही.’ आणि पाचही पलटणी एका रांगेत उभ्या राहतात तेव्हा उजव्या टोकाला ग्रेनेडियर, तर कोल्डस्ट्रीम थेट डाव्या टोकाला. दुसऱ्या जागेवर उभं राहायचंच नाही! मानपान फक्त आपल्या लग्नात असतो असं समजू नका.

ही नुसती शोभेची माणसं आहेत का, असा प्रश्न नेहमी येतो. 1982 चं वर्ष त्याला उत्तर म्हणून पुरेसं आहे, पण उत्तर दोन्ही बाजूंचं आहे. त्या जूनमध्ये अर्जेंटिनाशी झालेल्या युद्धात स्कॉट्स गार्ड्सनी फॉकलंड बेटांवर टम्बलडाउनचा डोंगर रात्रीच्या अंधारात संगिनी लावून जिंकला. आणि जुलैमध्ये, तीन-चार आठवड्यांतच, एक माणूस भिंत चढून बकिंगहॅममध्ये घुसला आणि सकाळी थेट राणीच्या शयनगृहात पोचला. त्यानंतर बोलणी बसली ती मुख्यतः पोलिसांना, कारण राजवाड्याची रोजची सुरक्षा खरं तर लंडन पोलिसांकडे असते. म्हणजे लाल डगलेवाला सैनिक खरा, लढाईही खरी, पण राजवाड्याचं कुलूप सांभाळणं हे एकट्या त्याचं काम नाही. मला वाटतं हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

घोडेस्वारांचा पहारा वेगळा. तो जळालेल्या वाड्याचंच नाव असलेल्या व्हाइटहॉल रस्त्यावर, हॉर्स गार्ड्स इमारतीत, रोज अकरा वाजता बदलतो, रविवारी दहाला. लाल डगला आणि पांढरा तुरा म्हणजे लाइफ गार्ड्स. निळा डगला आणि लाल तुरा म्हणजे ब्लूज अँड रॉयल्स. इथे कुंपण नाही, अगदी जवळून दिसतं, आणि गर्दी बकिंगहॅमच्या मानाने काहीच नाही. हे स्वार कुठलं दार राखतात? सेंट जेम्स आणि बकिंगहॅम राजवाड्यांचं अधिकृत प्रवेशद्वार! 1698 मध्ये जळालेल्या वाड्याकडचं दार ते, आणि कागदोपत्री ते अजूनही तसंच आहे. ज्यांना खास हस्तिदंती पास मिळालेला असतो अशा मोजक्या लोकांनाच त्या कमानीखालून गाडी नेता येते.

तिथली दुपारी चारची तपासणी चुकवू नका. असं सांगतात की 1894 मध्ये राणी व्हिक्टोरिया अचानक आली आणि पहाऱ्यावरचे सगळे पत्ते कुटत, दारू पीत बसलेले. तिने शिक्षा ठोठावली: पुढची शंभर वर्षं रोज चारला एका अधिकाऱ्याने येऊन तपासणी करायची. शंभर वर्षं 1994 मध्ये भरली. शिक्षा संपली, तपासणी मात्र आजही चालू आहे.

टॉवर ऑफ लंडन या जुन्या किल्ल्यातला रात्रीचा विधी मात्र मला या सगळ्यांत जास्त आवडतो. दहाला सात मिनिटं कमी असताना मुख्य येओमन वॉर्डर, म्हणजे किल्ल्याचा मुख्य रखवालदार, लांब लाल डगल्यात, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात किल्ल्या घेऊन निघतो. पहाऱ्यावरच्या जवानांच्या सोबतीने दरवाजे बंद करत तो परत येतो, तेव्हा ब्लडी टॉवरच्या कमानीपाशी पहारेकरी संगीन रोखून त्याला अडवतो. ‘थांबा! कोण येतंय?’ ‘किल्ल्या.’ ‘कोणाच्या किल्ल्या?’ ‘राजे चार्ल्स यांच्या.’ मग वाट मिळते, घड्याळात दहा वाजतात, बिगुल होतो. त्या पहारेकऱ्याला समोरचा माणूस रोजचा ओळखीचा असतो, तरी विचारल्याशिवाय सोडायचं नाही. 29 डिसेंबर 1940 च्या रात्री जर्मन बॉम्ब जवळच पडले आणि स्फोटाच्या धक्क्याने वॉर्डर व जवान खाली आपटले. ते उठले, कपडे झटकले आणि विधी पुरा केला. उशीर झाल्याबद्दल अधिकाऱ्याने राजे सहावे जॉर्ज यांना माफीचं पत्रही लिहिलं. हा विधी बघायला आधी तिकीट काढावं लागतं आणि फोटो काढायला मनाई आहे. मनाई आहे तेच बरं.

मघाशी एका ताईंनी विचारलं की आपल्याकडे असं काही आहे का. आहे की! दिल्लीत राष्ट्रपती भवनात पहारा बदल होतो आणि लोकांना तो बघता येतो. घोड्यावरचे जे जवान तिथे दिसतात ते राष्ट्रपतींचे अंगरक्षक. हे दल 1773 मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बनारसला उभं केलं, म्हणजे व्हिक्टोरिया बकिंगहॅमला राहायला जाण्याच्याही चौसष्ट वर्षं आधी. उन्हाळ्यात आणि थंडीत वेळ बदलते, तेव्हा जाण्याआधी चौकशी करून जा.

लंडनला जाणाऱ्यांसाठी शेवटी एवढंच सांगतो. बकिंगहॅमच्या कुंपणाला चिकटायचं असेल तर दहाच्याही आधी पोचा. ते जमणार नसेल तर राजवाड्यासमोरच्या व्हिक्टोरियाच्या पुतळ्याच्या पायऱ्यांवर जागा धरा, नाहीतर सरळ सेंट जेम्सच्या फ्रायरी कोर्ट नावाच्या अंगणापाशी थांबा. तिथून निशाण निघताना दिसतं आणि नंतर नव्या पहाऱ्याबरोबर आत येतानाही दिसतं. पाऊस असेल तर बँड आणि कवायत रद्द होते, अशा वेळी नवे जवान गाजावाजा न करता जागा घेतात आणि जुने निघून जातात. तशा दिवशी बाहेर छत्री घेऊन कुणी नसतं, म्हणून बटणं मोजायला निवांत वेळ मिळतो.