शेडमधली धूळ आणि ती ओढणारं यंत्र

(दृश्य: जळगावाबाहेरची वस्ती. घरामागची पत्र्याची शेड. आत टेबल सॉ, रंधा मशिन, भिंतीला टेकवलेल्या सागाच्या फळ्या.)

मे महिना. पारा ४४च्या पुढे. दारात कूलर घरघरतोय आणि आत एक शाळामास्तर सुट्टीत चौरंग घडवताहेत. फळी चिरून झाली, मशिन थांबलं. आता पत्र्याच्या भोकातून आलेला हा कवडसा बघा. त्यात जे तरंगतंय ते इतक्यात खाली बसणार नाही. कूलरचा वारा बसूही देणार नाही.

पायाशी पडलेला भुसा झाडूने निघतो. घात करते ती कवडशातली धूळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). १० मायक्रॉनच्या आतले कण नाकात अडत नाहीत, छातीत उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातली. धोका मुख्यतः नाकाच्या पोकळीला. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ थांबत नाही.

(दृश्य: दोन पिशव्या हातात धरून, उजेडासमोर.)

डस्ट कलेक्टर, म्हणजे धूळ ओढून पिशवीत गोळा करणारं यंत्र, घ्यायला गेलं की आपण आधी विचारतो, किती एचपी? आधी विचारावं, पिशवी किती मायक्रॉनची, म्हणजे किती बारीक कण अडवणारी? स्वस्त यंत्राबरोबर बऱ्याचदा ३० मायक्रॉनची कापडी पिशवी येते. ती भुसा धरते आणि बारीक धूळ शेडभर फवारते. तसं यंत्र लावून निर्धास्त राहणं न लावण्यापेक्षा वाईट. १ मायक्रॉनची पिशवी किंवा घड्यांचा कार्ट्रिज फिल्टर मागून घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी.

मग आपलं काम कोणतं ते पाहायचं. हातातल्या सँडरला (लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या मशिनला) बारीक नळीचा, जोरात ओढणारा व्हॅक्यूम लागतो. रंधा मशिन ढीगभर छिलके टाकतं, त्याला चार इंची तोंडाचा, भरपूर हवा खेचणारा कलेक्टर हवा. एकाचं काम दुसऱ्याकडून होत नाही. मास्तरांकडे दोन्ही आहेत. एकच घेणं परवडत असेल, तर ज्या मशिनवर जास्त वेळ जातो त्याचं आधी.

(दृश्य: भिंतीवरून गेलेला पाइप.)

पाइपाच्या बाबतीत जळगावकर नशीबवान. ठिबक आणि पीव्हीसीचं हे गाव. शेतात पाणी नेणारा ११० मिलिमीटरचा पाइप इथे छान चालतो, आतून गुळगुळीत असल्याने हवा अडत नाही. वळणावर काटकोनी एल्बो नको, ४५ अंशांचे दोन लावा. वळ्यांची लवचीक नळी अगदी शेवटी, हातभरच. आणि पैसे वाचवायला दोन इंची पाइप घेऊ नका. व्यास निम्मा केला की हवेची वाट चौथाईच उरते.

यंत्र ठेवायचं कुठे? थंड मुलखात खोलीतली ऊब जाईल म्हणून हवा गाळून परत आत सोडतात. खान्देशात ती काळजी नाही. भिंतीबाहेर पत्र्याचा आडोसा करून कलेक्टर तिथे बसवला की आवाजही बाहेर, सुटलेली धूळही बाहेर. कूलर आत हवा ढकलतो, कलेक्टर ती बाहेर काढतो. फिल्टर मात्र काढायचा नाही. पलीकडच्या अंगणात खाटेवर बिबडे वाळताहेत.

वायरमनला सांगून त्याला वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) घ्या. २ एचपीचा कलेक्टर आणि टेबल सॉ एकाच बोर्डावर सुरू केले की व्होल्टेज बसतं, मोटर तापते.

(दृश्य: भरलेली पिशवी रिकामी करताना, तोंडाला एन-९५ मास्क.)

पिशवी झटकायची ती घराबाहेर, मास्क लावून. सागवान-निंबाचा भुसा चुलीला चालतो. एमडीएफचा (लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेल्या फळीचा) मात्र वेगळा ठेवायचा. त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, म्हणून तो भुसा चुलीत जाळायचा नाही आणि गोठ्यात अंथरायचाही नाही.