गाडी बंद पडली? लगेच इंजिन उतरवू नका

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिना लागला की सोलापूरचा पारा ४२-४३ च्या घरात जातो आणि अक्कलकोट रस्त्याला, तुळजापूर रस्त्याला बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या दिसायला लागतात. बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत घरातली मंडळी बसलेली, आणि गाडीचा मालक रेडिएटरकडे बघत उभा. त्यात जुन्या गाड्या जास्त. आज त्या जुन्या गाड्यांबद्दलच बोलू.

जुनी गाडी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर येते मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातात तिची किल्ली पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये ती बनणं थांबलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. एमएच १३ च्या नंबरप्लेटा लावून अजून कितीतरी आपल्या शहरात फिरतायत. मी आज सांगतोय ते मुख्यतः कार्बोरेटरवाल्या गाडीला धरून. पण मूळ मुद्दा पेट्रोलच्या कुठल्याही जुन्या गाडीला लागू आहे.

मुद्दा काय, तर इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात. करंट, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल दाबलं जाणं. पुन्हा सांगतो, करंट, पेट्रोल, कॉम्प्रेशन. गाडी बंद पडली की यातलं काय गेलंय ते आधी शोधायचं, आणि मगच पान्याला हात घालायचा. आपल्याकडे उलटं होतं. आधी खोलतात, मग शोधतात.

सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक्' वाजलं आणि इंजिन फिरलंच नाही, तर तो बिघाड बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो. बॅटरी बघा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचलीय का बघा. गरम पाण्याने धुवा, घासा, घट्ट आवळा. इंजिन फिरतंय पण धरत नाही, मग करंट. प्लग काढायचा, त्याच्याच वायरला लावायचा, प्लगची लोखंडी बाजू इंजिनाला टेकवायची आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. निळी, कडक ठिणगी दिसली पाहिजे. प्लग हाताने धरू नका, रबरी मुठीच्या पकडीने धरा, आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको. करंट आहे, तर पेट्रोल. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघायचं आणि इंजिन बंद ठेवून हाताने अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा. आत पेट्रोलची पिचकारी उडाली पाहिजे. उडाली नाही तर पंप, फिल्टर, नळी, याच क्रमाने मागे मागे जायचं.

आता हे सगळं करायच्या आधी काही जण गाडीला लिंबू-मिरची बांधतात. बांधा, माझं काही म्हणणं नाही. पण दर शनिवारी लिंबू बदलणाऱ्या माणसाने महिन्यातून एकदा ऑइलची दांडी काढून बघायला काय हरकत आहे? लिंबू ताजं आणि ऑइल डांबरासारखं काळं, अशा गाड्या मी आपल्या सात रस्त्याच्या सिग्नलला रोज बघतो. तिथे हॉर्न वाजवणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. लाल दिव्याला हॉर्न वाजवून तो हिरवा होत नाही, एवढं जरी कुणाला पटलं तरी पुष्कळ झालं.

असो. राहिलं कॉम्प्रेशन. हा तिसरा मुद्दा महागाचा, आणि तो समजावून सांगायला माझ्याकडे माझ्या थोरल्या मामांची गोष्ट आहे.

मामा जुळे सोलापुरात राहतात. एसटीतून निवृत्त. पांढरी मारुती ८००, मॉडेल १९९६ चं. दर गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोट, हा त्यांचा नेम. एका गुरुवारी परतताना वळसंगच्या पुढे गाडी धक्के द्यायला लागली. पिकअप गेला, टेंपरेचरचा काटा वर चढला. मामांनी गाडी बाजूला घेतली, थंड होऊ दिली, जवळचं पाणी ओतलं आणि कशीबशी घरी आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी धरेना. धरली तर सगळं अंग थरथरतंय.

पहिल्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले, पैसे घेतले. गाडी तशीच. दुसऱ्याने बॉनेट उघडलं, एकदा सेल्फ मारला आणि म्हणाला, "इंजिन गेलं. रिंगा खलास. बोअर करावं लागेल." म्हणजे पिस्टनवरच्या कड्या झिजल्या, आता सिलिंडर आतून कोरून घ्यायचे. खर्चाचा आकडा जो सांगितला तो गाडी विकून आला असता त्याहून मोठा. मामांनी भंगारवाल्याला फोन लावायला घेतला. मामी म्हणाल्या, "फोन ठेवा. पोरीला बाळंतपणाला हिच्यातनं आणलंय, हिला तोडायला द्यायची नाही." मामींपुढे मामांचं काही चालत नाही, हे तुम्हाला कळलंच असेल.

मग मी एका मिस्त्रींना घेऊन गेलो. अशोक चौकाच्या मागे, लिंबाच्या झाडाखाली त्यांचं काम चालायचं. पाटी नाही, काही नाही. घरी तेलुगू बोलणारा माणूस, आधी गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा. शंभर मागांच्या खडखडाटात कुठला माग बिघडलाय ते आवाजावरून ओळखायचं, हीच त्यांची नोकरी. गिरणी बंद पडल्यावर ते गाड्यांकडे वळले.

मिस्त्री आले, बॉनेट उघडायच्या आधी म्हणाले, "साहेब, सेल्फ मारा. धरू देऊ नका, नुसता फिरवा." कॉइलची वायर काढली, मामांनी सेल्फ मारला. चांगल्या इंजिनाचा सेल्फ एका लयीत फिरतो. हा मध्येच सुसाट पळायचा आणि मग अडखळायचा. मिस्त्रींनी डोळे मिटून ऐकलं आणि बोट वर केलं. "तिघांत दोघं गैरहजर आहेत."

मग दाब मोजायचा गेज काढला. तिन्ही प्लग काढले, एकेका भोकात गेज लावून सेल्फ फिरवला. पहिल्या सिलिंडरला काटा १६० च्या वर. दुसऱ्याला ६०. तिसऱ्यालाही ६०. मामांचा चेहरा पडला. "म्हणजे रिंगाच गेल्या की ओ."

"थांबा की," मिस्त्री म्हणाले. त्यांनी तेलाच्या बुधलीतून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा गेज लावला. श्रोतेहो, हे नीट ऐका, कारण सगळी गंमत इथे आहे. रिंगा झिजलेल्या असतील तर हे ऑइल रिंगेभोवतीची फट तेवढ्यापुरती बुजवतं आणि काटा चढतो. काटा चढला तर रिंगा. काटा चढला नाही तर रिंगा नाहीत, हवा दुसरीकडून निसटतेय, वॉल्व्हमधून नाहीतर हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधल्या पातळ थरातून. काटा ६० वरच राहिला. दोन्हींचा.

मिस्त्री म्हणाले, "शेजारचे दोघं, दोघं सारखेच कमी. दोघांच्या मधली गॅस्केट जळलीय. ह्याची हवा त्याच्यात, त्याची ह्याच्यात. बोअर कशाला करता?"

मामा खूश. "मग बदला गॅस्केट, संपलं!"

"गॅस्केट आज बदलतो. पुन्हा जळेल. का जळली ते आधी सांगा."

आता मामा काय सांगणार? मिस्त्री व्हरांड्यात टेकले आणि मामींना म्हणाले, "अक्का, पाणी द्या." मामींनी फिल्टरचं पाणी आणलं. मिस्त्री म्हणाले, "हे नको. गाडीला घालता ते द्या." मामी बघतच राहिल्या. मग बाथरूमच्या नळाचं, बोअरवेलचं पाणी तांब्यातून आलं. मिस्त्रींनी ते चाखलं, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "अंघोळीचं पाणी कशावर तापवता?"

मामींनी हीटरचा रॉड आणून दाखवला. आपल्या शहरातल्या निम्म्या घरांत असतो तसा, पांढऱ्या खाराने जाड झालेला. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरने त्याला खरवडलं. फरशीवर पांढरे पापुद्रे पडले. "अक्का, हे रॉडवर बसलंय, तेच साहेबांच्या रेडिएटरच्या नळ्यांत बसलंय. पाणी फिरायला वाटच नाही."

मामा अभिमानाने म्हणाले, "अहो, मी रोज सकाळी न चुकता पाणी भरतो!" त्यावर मामी एवढंच म्हणाल्या, "तेच तर."

बोअरचं पाणी लोक हौसेने घालत नाहीत, हेही मला सांगितलं पाहिजे. उजनी धरण भरलेलं असो की रिकामं, सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. मग बोअरच वापरणार. पण त्या विषयात शिरलो तर आजची वेळ पुरायची नाही आणि माझा रक्तदाबही वाढेल.

मिस्त्रींनी रेडिएटरच्या वरचा होज पाईप काढला, थर्मोस्टॅटच्या घरात बोट घातलं. आत काहीच नव्हतं. कुणीतरी आधीच काढून टाकला होता. हा आपल्याकडचा जुना रोग, श्रोतेहो. "सोलापूरच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला?" असं म्हणून लोक तो काढतात. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप. तो साधारण ८२ अंशाला उघडतो, तोपर्यंत इंजिन लवकर तापू देतो. तो काढला तर इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. आणि खाराने तुंबलेला रेडिएटर त्याने सुटत नाही तो नाहीच.

हेड उतरवलं तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध गॅस्केट काळी पडून खाल्लेली होती. अगदी ते म्हणाले तिथेच. या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा. इंजिन जास्त तापलं की हेड ब्लॉकपेक्षा जास्त फुगतं, वाकतं, आणि मग दोघांमधली गॅस्केट दाब धरत नाही. मिस्त्रींनी हेडवर सरळ पट्टी ठेवली, खाली फिलर गेजची पात सरकवून बघितली. ०.०५ मिलिमीटरच्या वर फट असली की हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला जातं. हेही गेलं. रेडिएटर रॉडिंगला, म्हणजे नळ्या आतून साफ करायला गेला. नवी गॅस्केट बसवली, बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळले. नवा थर्मोस्टॅट घातला, रेडिएटरच्या पंख्याची डायरेक्ट जोडलेली वायर काढून तापमानावर चालणाऱ्या स्विचवर आणली. आत डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं-निम्मं. खर्च दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितला होता त्याच्या पाव हिश्शातही बसला नाही.

गाडी पहिल्या सेल्फला धरली. मामींनी मिस्त्रींना कडक भाकरी आणि शेंगा चटणी वाढली. चटणी उखळात कुटलेली. मिक्सरमधली चटणी ही चटणी नव्हे, ते शेंगदाण्याचं कूट झालं. कुटल्यावर जे तेल सुटतं ते त्या पात्याला काय सुटणार?

वेळ संपत आलीय, तेव्हा पटकन. हेड गॅस्केट गेल्याच्या खुणा ऐकून ठेवा. रेडिएटरचं पाणी गळती न दिसता कमी होतंय. धुराड्यातून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतोय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा आहे. इंजिन चालू असताना पाण्यात सतत बुडबुडे येतायत. यातली एक जरी दिसली तरी गाडी लांब पळवू नका. पण मामांच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं, कारण तिची गॅस्केट दोन सिलिंडरच्या मध्ये जळली होती, पाण्याच्या वाटेवर नाही. म्हणून गेज. आणि गेजनंतर ऑइल घालून पुन्हा गेज. तुमचा मिस्त्री "इंजिन गेलं" म्हणाला तर त्याला शांतपणे विचारा, ऑइल घातल्यावर आकडा किती आला? त्याने आकडे सांगितले तर पुढे बोला. नाही सांगितले तर गाडी दुसरीकडे न्या.

गाडीला १५ वर्षं झाली असतील तर आरटीओत पुनर्नोंदणी लागते आणि ती पुढे ५ वर्षांची मिळते. त्या तपासणीला जायच्या आधी कूलंट बदलून घ्या, बोअरचं पाणी असेल तर सगळं काढून टाका. हे काम गाडी पूर्ण थंड असताना करायचं. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. घाई कितीही असो, आणि मागे अख्खं वऱ्हाड खोळंबलेलं असो, झाकण उघडू नका.

नमस्कार.